परवा घरी

आमचे घरमालक पत्रावर तारीख घालत नसत. पोस्टकार्ड असो, किराण्याची यादी असो, नाहीतर माझ्यासाठी फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी असो. 'दूध संपलं आहे. मी नॉर्वेला गेलो आहे.' बस, एवढंच. कधी गेलो, कधी येणार, काही म्हणून नाही. मी एकदा वैतागून विचारलं तेव्हा म्हणाले की तारीख घातली की गोष्ट जुनी व्हायला लागते. मी म्हटलं, काका, दूधही जुनं होतं हो. ते त्यांना पटलं असावं, कारण पुढच्या चिठ्ठीत दुधाचा उल्लेख नव्हता. नॉर्वेच्या जागी फिनलंड होतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुण्याच्या कंपनीनं मला अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलं होतं, झुइडास या तिथल्या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायला. पहिले दोन महिने कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये काढले आणि मग कुणाच्या तरी ओळखीनं बुइटनव्हेल्डर्टमधली ही खोली मिळाली. सायकलनं ऑफिस दहा मिनिटांवर. मालक मराठी, मूळचे मिरजेचे, वय पासष्ट, एकटे. एकटे म्हटल्यावर आईनं फोनवर जो आवाज काढला तो मला अजून ऐकू येतो. तिनं सरळ त्यांनाच फोन लावला आणि तुमच्याकडे कोण कोण असतं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मी असतो. पण बहुतेक नसतो." आईचं समाधान झालं.

आणि खरंच ते नसायचेच. महिन्यातले पंधरा दिवस घर माझं एकटीचं. उरलेले पंधरा दिवस ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नकाशे पसरून बसलेले. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, आणि बाराही महिने तोच एक बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर. चीज कापायच्या पट्टीनं ते काकडी कापत, बटाटा कापत, नारळ मिळाला तर खोबरंही कापत. सुपरमार्केटमध्ये कार्नेमेल्क नावाचं ताक मिळतं, त्याची कढी करत आणि ती उत्तम होत असे. कढी पिताना ते मला माझ्या कामाबद्दल विचारायचे. मी सांगायचे, काका, रिलीज डिले झालाय, कारण क्लायंटनं लास्ट मोमेंटला रिक्वायरमेंट चेंज केली. ते सगळं नीट ऐकून घेत आणि म्हणत, तुझ्या मराठीत क्रियापदंच तेवढी मराठी उरलीत, ती सांभाळ.

त्यांची स्वतःची मराठी चौतीस वर्षांपूर्वी मिरजेहून निघाली ती तशीच बंद पेटीत राहिलेली. मोटारसायकलला ते फटफटी म्हणत. लांबचा फोन म्हणजे ट्रंककॉल. माझा मोबाइल वाजला की, तुझा ट्रंक वाजतोय बघ, असं ओरडून सांगत. स्वतःकडे मोबाइल ठेवला नाही तो नाहीच. एनस्खेडेच्या तंत्रविद्यापीठात दोन वर्षांसाठी शिकायला म्हणून आले होते. मग नोकरी लागली. मग आणखी दोन वर्षं, मग आणखी. लग्न राहून गेलं. कसं राहिलं ते मी विचारलं होतं, मी जात्याच भोचक आहे, पण त्यांनी "राहिलं खरं" एवढंच म्हटलं आणि कढी ढवळली.

नोकरी लिफ्ट तपासण्याची. नव्या इमारतीत लिफ्ट बसवली की हे जाऊन ती वर-खाली करून पाहायचे आणि मग कागदावर सही करायचे. झुइडासमधल्या मनोऱ्यात मी ज्या लिफ्टनं रोज जायचे तिच्यावरही त्यांचीच सही होती. मीही टेस्टिंगमधलीच, त्यामुळे आमचं या विषयावर जमायचं. एकदा म्हणाले की लिफ्ट वर जाते तेव्हा सगळे आरशात बघत असतात, कुणाला काही वाटत नाही. पोटात गोळा येतो तो खाली येताना. म्हणून तपासायची ती खाली येताना.

हे ते का सांगत होते ते मला पुढे त्यांची वही वाचल्यावर कळलं.

वही त्यांनी लपवली नव्हती, पण दाखवलीही नव्हती. माझ्यासारखीला तेवढं पुरे. एका रविवारी ते दाढी करत होते तेवढ्यात मी टेबलावरची वही उघडली. पानापानावर रकाने आखलेले. गाव. नाव नाही, फक्त वय. कुठे गेले होते. किती वर्षं. आणि शेवटचा रुंद रकाना: परत आल्यावर पहिल्या दिवशी काय केलं.

आयर्लंड, मेयोकडचं एक खेडं, वय एकोणसत्तर, बर्मिंगहॅममध्ये सव्वीस वर्षं: 'दाराची कडी दुरुस्त केली. आई वीस वर्षं दार दोरीनं बांधत होती. पत्रात कधी लिहिलं नव्हतं.' नॉर्वे, एक बेट, वय अठ्ठावन्न, अमेरिकेत एकोणीस वर्षं: 'पत्र टाकायला पोस्टात गेले. पोस्टाच्या जागी केस कापायचं दुकान होतं. मग केस कापून घेतले.' आयर्लंड, गॉलवेजवळ, वय साठ, लंडनला नर्स: 'रडले. भांडी घासली. परत रडले.' फिनलंड, वय बासष्ट, स्वीडनमध्ये कारखान्यात तीस वर्षं: 'आठवत नाही.' हे 'आठवत नाही'सुद्धा तितक्याच सुवाच्य अक्षरात.

"काय, काही चूक आढळली का?" मागून आवाज आला. अर्ध्या गालाला साबण होता. मी ओशाळले खरी, पण वही खाली ठेवली नाही. विचारलंच, हे कशासाठी?

तर ते असं होतं. निवृत्त झाल्यावर मिरजेला परत जायचं हे ठरलेलं. तिथे त्यांची थोरली बहीण, अक्का. आठ वर्षांनी मोठी, शाळेत शिक्षिका होती, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली. अक्कानं धाकट्या भावासाठी घरावर एक खोली बांधून ठेवली होती, पूर्वेला खिडकी, कमोड, सगळं. पाच वर्षं ती खोली कुलपात होती आणि दर दिवाळीला अक्का ती धुऊन पुसून परत कुलूप लावायची. निवृत्त होऊन यांना तीन वर्षं झाली होती. पासपोर्ट यांचा डच, त्यामुळे भारताचा व्हिसा दर वर्षी काढायचे आणि दर वर्षी तो न वापरताच संपायचा. कारण काय, तर परत कसं जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. तिकीट काढून हो, मी म्हटलं. ते म्हणाले, तिकीट काढणं म्हणजे लिफ्टचं बटण दाबणं झालं. आधी तपासायला नको का? आणि परतलेली माणसं सगळ्यात जास्त कुठे असतील? तर आयर्लंडमध्ये. त्या देशातून पिढ्यान् पिढ्या लोक बाहेर गेले आणि आता बरे दिवस आले म्हणून घोळक्यानं परतत होते. आयर्लंड झालं, मग उत्तरेकडचे देश लागले.

हसावं की डोकं धरावं मला कळेना. वरून हे विमानात बसायचे नाहीत. हुक नावाच्या बंदरातून जहाज, मग इंग्लंड आडवं कापत आगगाड्या, मग दुसरं जहाज, मग जी बस पहिली येईल ती. घाई कसली? गावात शिरले की बसथांब्यावर जाऊन बसायचं आणि खिशातून दाणे-गूळ काढायचा. दाणे घरी भाजलेले, गूळ अ‍ॅमस्टरडॅममधल्या, सुरिनामहून आलेल्या भारतीयांच्या दुकानातला. शेजारच्या म्हाताऱ्याला द्यायचा. तो म्हणणार, हे काय? मग हे सांगणार. मग तो सांगणार. त्यांच्या मते गूळ तोंडात असताना माणूस खोटं बोलत नाही.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. ईस्टरच्या सुट्टीत, डेन्मार्कला. आयर्लंडला माझा हॉलंडचा परवाना चालत नव्हता, वेगळा व्हिसा लागला असता. विमानानं दीड तासाचा प्रवास आम्ही तीन गाड्या आणि एका बोटीतून एक अख्खा दिवस केला आणि मी वाटेत सहा वेळा तरी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला. शेवटी एका बेटावर, धक्क्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वारा असा की दाणे हातातून उडत होते, तिथे एक शेतकरी भेटला. कॅनडात बावीस वर्षं काढून आलेला. काकांनी गूळ दिला, प्रश्न विचारला. तो गूळ चघळत, समुद्राकडे बघत इंग्रजीत म्हणाला की भाऊ कुंपणापलीकडे उभा होता. मी अलीकडे. आम्ही पावसाबद्दल बोललो.

"किती वेळ?" काकांनी विचारलं.

तो म्हणाला, पाऊस येईपर्यंत.

काकांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. परतीच्या गाडीत दिवसभर ते खुशीत होते. मी म्हटलं, काका, यातून निष्कर्ष काय निघतो? ते म्हणाले, अजून माणसं कमी आहेत. मला तेव्हा वाटलं होतं की हा माणूस असाच माणसं गोळा करत राहणार आणि खोली तिकडे कुलपातच राहणार. तोंडावर बोलूनही दाखवलं. त्यांना राग आला नाही. राग त्यांना येतच नसे, आणि त्याचा मला फार राग यायचा.

आता परवाबद्दल सांगायला हवं.

दर रविवारी सकाळी अक्कांचा फोन यायचा. मिरजेत तेव्हा दुपारची जेवणं झालेली असत. अक्का विचारायच्या, बाळ, कधी येतोस? पासष्ट वर्षांच्या, पांढऱ्या दाढीच्या या माणसाला बाळ म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस. आणि बाळ म्हणायचा, परवा. हा त्यांचा वर्षानुवर्षांचा खेळ होता. तिकडे अक्का हसायच्या, इकडे हे हसायचे. काकांना या शब्दाचा भारी अभिमान. डचांना बिचाऱ्यांना दोन शब्द लागतात म्हणे, होऊन गेलेल्या परवाला एअरखिस्टरन आणि यायच्या परवाला ओव्हरमॉर्गन. आपण बघ, एकाच शब्दात मागचं आणि पुढचं दोन्ही. मी म्हटलं, काका, आमच्यात याला बग म्हणतात. ते म्हणाले, अगं, ही सोय आहे.

डच घरांत संडासात एक कॅलेंडर टांगलेलं असतं, वाढदिवसांचं. त्यावर महिने असतात, तारखा असतात, पण वार नाही आणि साल नाही. एकदा टांगलं की जन्मभर तेच. काकांना या देशातली सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू ती होती. त्यांच्या कॅलेंडरवर बारा महिन्यांत मिळून एकच नाव लिहिलेलं होतं, ऑगस्टमध्ये. अक्का.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर ते परत आयर्लंडला गेले. पश्चिमेच्या टोकाला एक बेट राहिलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कढी फ्रिजमध्ये आहे. हे शेवटचं बेट.' शेवटचं या शब्दावर मी विश्वास ठेवला नाही. दोन आठवडे झाले, तीन झाले. मला एकही फोन नाही. त्यांच्या बाबतीत त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं.

एका शनिवारी सकाळी मी कपड्यांचं मशीन लावत होते आणि घरचा फोन वाजला. अक्का होत्या. शनिवारी कधी फोन करत नसत. पहिलाच प्रश्न: "बाळ कुठल्या गाडीनं येतोय गं?"

मी म्हटलं, कुठे?

"इथं. कार्ड आलंय की त्याचं." आणि त्यांनी मला कार्ड वाचून दाखवलं. शिक्षिकेचा आवाज, शब्द न् शब्द स्वच्छ. 'अक्का, पाहायचं होतं ते सगळं पाहून झालं. परवा घरी. मग सविस्तर. बाळ.'

कार्ड आयर्लंडहून मिरजेला पोचायला दहा-बारा दिवस लागले असणार. तारीख अर्थातच नाही. पोस्टाचा शिक्का पुसट, त्यावरूनही काही लागत नव्हतं, अक्कांनी शेजाऱ्यांना भिंगानं बघायला लावलं होतं. मग त्यांनी काय केलं, तर कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्टेशनवर जायला लागल्या. मुंबईची गाडी सकाळी येते. आठ वाजता जाऊन वजनाच्या यंत्राजवळच्या बाकावर बसायचं, गाडी येऊन रिकामी होईपर्यंत थांबायचं आणि परत यायचं. बरोबर डब्यात दहीपोहे, कारण बाळ प्रवासात काही खात नाही. आज पाचवा दिवस. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणाल्या, दुसऱ्याचं व्हायचंय, त्यामुळे उतरणारी सगळी माणसं सारखीच दिसतात, तेव्हा म्हटलं नक्की गाडी विचारून घ्यावी. "आणि कुठल्या परवाचं म्हणायचं गं मी हे?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं, की हो, निघालेत, वाटेत आहेत. मग वाटलं, ही बाई उद्या परत डबा भरेल. मी सांगितलं की काका आयर्लंडमध्येच आहेत अजून. आणि त्यांनी लिहिलंय ते घर म्हणजे… इथलं घर.



"इथलं म्हणजे तिथलं," अक्का म्हणाल्या. "होय. बरोबर आहे. ते पण घरच की त्याचं."

मला रडू आलं. मी फोन कानापासून लांब धरला, तर त्या पलीकडून मलाच समजावायला लागल्या की तू कशाला वाईट वाटून घेतेस, मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे, स्टेशनपर्यंत बरोबर होतं माझं. आणि आजचे पोहे मी खाऊन टाकले, वाया नाही गेले. मग माझ्या आईची चौकशी केली आणि फोन ठेवला. मी मशीन लावायचं विसरले ते विसरलेच.

काका चार दिवसांनी आले. आनंदात. वाऱ्यामुळे बोटी बंद होत्या, बेटावर अडकून पडलो, पण काय माणूस भेटला सांगतो तुला, चाळीस वर्षांनी आलेला, त्यानं पहिल्या दिवशी… असं दारातच सुरू झालं. मी त्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत. चार दिवसांचा सगळा राग बाहेर काढला. म्हटलं, तुमची ती सोय आहे ना, मागचं पुढचं एकाच शब्दात, ती सोय तिकडे पाच दिवस डबा घेऊन बाकावर बसली होती. तुम्ही बसा माणसं मोजत. परतणाऱ्यांचीच तेवढी उत्तरं लिहून घेतलीत तुम्ही, आणि घरी थांबलेल्यांचा रकाना कुठाय? एकाला तरी विचारलंत, तुमची वाट कोण बघत होतं? असं बरंच काही बोलले. माझ्यापेक्षा अडतीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी असं बोलायला नको होतं. पण बोलले, आणि आजही त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

ते भिंतीला टेकून उभे होते. पाठीवरची सॅक तशीच. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. किती वाजता जायची? बाक कुठला? वजनाचं यंत्र अजून आहे तिथे? डबा पितळी होता का? जाताना चालत, येताना पण चालत? मला आधी भयंकर चीड आली, की आतासुद्धा हे रकाने भरताहेत. मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. सॅकचा पट्टा त्यांना सोडता येत नव्हता. मी तो सोडवून दिला. त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं रडता येत नसावं, हे मला तेव्हा उमगलं.

"अजून जाते?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी म्हटलं, चालायला जातात म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर खेमेंटेत गेले. खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. देश सोडून जाताना तिथे जाऊन आपलं नाव रहिवाशांच्या यादीतून काढावं लागतं, हे काम ते तीन वर्षं टाळत होते. काउंटरवरच्या बाईनं डचमध्ये विचारलं, कधी जाणार?

काका म्हणाले, "ओव्हरमॉर्गन."

आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "परवा. पुढचा."

बाईनं नक्की तारीख लिहायला सांगितली. त्यांनी पेन घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि फॉर्मवर तारीख घातली. नवीन घराचा पत्ता या ओळीवर मिरजेचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. वर्षाचा व्हिसा होताच, त्याचे दोन महिने उरले होते. विमानाचं तिकीट मी माझ्या कॉम्प्युटरवरून काढलं. खिडकीची जागा हवी का विचारलं, तर म्हणाले, लिफ्टला कुठे खिडकी असते?

अक्कांना फोन करून सांगू का, असं मी दोनदा विचारलं. नको म्हणाले. कळवलं तर ती परत मोजायला लागेल. तिनं पुष्कळ बघितली वाट.

स्खिपोल विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. तोच स्वेटर. हातात एक छोटी बॅग, चौतीस वर्षांचं सामान मी मागाहून पाठवायचं ठरलं होतं. खिशातले दाणे सिक्युरिटीत काढून घेतील का, याची त्यांना काळजी होती. आत जाण्यापूर्वी त्यांनी वही माझ्या हातात दिली. एवढी माणसं जमवून ही मलाच देता, मी म्हटलं. ते म्हणाले, ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं, आता तू टेस्टर, तू बघ काय निघतं ते. मी त्यांच्या पाया पडले. त्यांना त्याची सवय नव्हती, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या ऐवजी पाठीवर दोनदा थोपटलं, तपासल्यासारखं.

पुढचे तीन आठवडे मी त्या घरात एकटी होते. यापूर्वीही कितीतरी वेळा एकटीच असायचे, पण या खेपेला करमेना. संडासातल्या कॅलेंडरवर मी एक नाव वाढवलं, त्यांचं. वाढदिवस पासपोर्टच्या झेरॉक्सवरून काढला. फ्रिजवर चिठ्ठी नव्हती आणि मी उगाच रोज बघायचे. वही वाचून काढली, दोनदा. निष्कर्ष काही निघाला नाही. आईला मात्र त्या रविवारी फोन केला तेव्हा तिनं नेहमीसारखं विचारलं की कधी येतेस, आणि मी नेहमीसारखं 'बघू गं' न म्हणता तारीख सांगितली. आई म्हणाली, थांब, लिहून घेते.

मग कार्ड आलं. मिरजेचं, साधं पिवळं पोस्टकार्ड पाकिटात घालून पाठवलेलं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती. वार होता. 'सकाळी' असंही लिहिलं होतं. खाली वहीतल्यासारखेच रकाने, पट्टी लावून आखलेले.

गाव: मिरज. वय: पासष्ट. कुठे होता: हॉलंड. किती वर्षं: चौतीस. पहिल्या दिवशी काय केलं: 'मुंबईहून बसने आलो. साडेसहाला स्टेशनात जाऊन वजनाच्या यंत्राजवळच्या बाकावर बसलो. यंत्र बंद आहे. आठ वाजता अक्का आली. हातात डबा होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. म्हणाली, जरा सरकता का हो?

सरकलो.'